भत्ता हवा, तर काम करा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सेवायोजन कार्यालयाच्या खिडकीमागे माझ्या नोकरीची अठ्ठावीस वर्षं गेली. समोर येणाऱ्या मुलांचा एकच प्रश्न असे, "साहेब, कॉल निघाला का?" कार्डाचं नूतनीकरण करायचं, शिक्का मारून घ्यायचा आणि एस.टी. पकडायची. एखादा जरा रेंगाळला, तर हळूच विचारायचा, "भत्ता सुरू होणार म्हणतात, खरं का?" भत्ता आमच्या हातात नव्हता आणि खरं सांगायचं, तर कॉलही फारसे नव्हते. त्यामुळे ज्या देशांत अशा खिडकीवर खरोखरच पैसे मिळतात, तिथे काय चालतं याचं मला कायम कुतूहल. आज ब्रिटनविषयी सांगतो.

तिथे १९९६ साली जुना बेकारभत्ता बंद झाला आणि त्याच्या जागी 'नोकरी शोधणाऱ्याचा भत्ता' आला. नावातला बदल वरवरचा नव्हता. आता नुसतं बेकार असून भागणार नव्हतं, आपण नोकरी शोधतो आहोत हे दाखवत राहावं लागणार होतं. १९९८ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने 'न्यू डील' आणलं. सहा महिने बेकार असलेल्या अठरा ते चोवीस वयाच्या मुलांपुढे अनुदानित नोकरी, शिक्षण, सेवाभावी संस्था किंवा पर्यावरणाचं काम असे चार पर्याय ठेवले. घरी बसून भत्ता घेण्याचा पाचवा पर्याय नाही, हेही बजावलं. पण त्या चारांत शिक्षण होतं, पगाराची नोकरी होती, हे विसरता येत नाही. २०११ मध्ये नव्या सरकारच्या योजना आल्या तेव्हा सूर कडक झाला. त्यातल्या एका योजनेत आठवड्याला तीस तास, चार आठवड्यांपर्यंत सक्तीचं काम होतं. वेतन नाही, भत्ता तेवढा चालू. नाकारलं तर तोही बंद.

जरा हिशेब करून पाहा. पंचवीस वर्षांखालच्या एकट्या व्यक्तीला २०११ मध्ये आठवड्याला ५३ पौंड ४५ पेन्स भत्ता मिळे. तीस तासांनी भागा. तासाला पावणेदोन पौंडांच्या आसपास. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला ६ पौंड ८ पेन्स होतं.

त्याच वर्षी भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेली एक तरुणी भत्त्यावर होती. तिला संग्रहालयात नोकरी करायची होती, म्हणून ती एका संग्रहालयात विनावेतन काम करत होती. तिला ते सोडून दोन आठवडे 'पाउंडलँड'मध्ये जायला सांगण्यात आलं. आपल्याकडे 'हर माल' म्हणत बसतात ना, त्याचाच हा मोठा साहेबी अवतार, तेव्हा तिथे प्रत्येक वस्तू एक पौंडाला असे. तिथे झाडायचं आणि फळ्यांवर माल लावायचा. नाही गेलीस तर भत्ता जाईल, असं तिला सांगितलं होतं. मुलगी गेली, काम केलं आणि मग कोर्टात गेली. तिच्यासोबत एक ट्रकचालकही होता. त्याने असं काम नाकारलं होतं आणि त्याचा भत्ता बंद झाला होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला. ही वेठबिगारी आहे, असं न्यायाधीश म्हणाले नाहीत. ते म्हणाले, मूळ कायद्यानुसार योजनेचं स्वरूप नियमांत लिहायला हवं होतं, ते लिहिलेलं नाही, म्हणून नियम बेकायदा. शिवाय त्या ट्रकचालकाला धाडलेल्या पत्रात शिक्षा नीट समजावलेली नव्हती. मी खिडकीतला माणूस, मला हा निकाल फार जवळचा वाटला. नोटिशीवर काय लिहिलं आहे यावर एखाद्याच्या घरची चूल अवलंबून असते, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही.

आता या निकालामुळे सुमारे १३ कोटी पौंड परत द्यावे लागतील, असा सरकारचा अंदाज होता. म्हणून मार्चमध्ये संसदेत विधेयक आलं आणि दोन आठवड्यांच्या आत कायदा झालासुद्धा! तो मागच्या तारखेपासून लागू. म्हणजे हरलेला डाव जिंकल्याची नोंद. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जुने नियम सदोषच ठरवले. पुढच्या वर्षी उच्च न्यायालय म्हणालं, ज्यांचे दावे चालू होते त्यांचा न्याय मागण्याचा हक्क या कायद्याने हिरावला. त्या दुरुस्तीचा आदेश निघायला २०२० साल उजाडलं.

एवढं करून नोकऱ्या लागल्या का? सरकारच्याच खात्याने २०१२ मध्ये या सक्तीच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना तिथे धाडलं त्यांना नोकरी लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा वाढलं नव्हतं. अहवाल आला आणि त्याच सुमाराला योजनेचा विस्तारही जाहीर झाला. ती गुंडाळण्याचं २०१५ मध्ये ठरलं.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती, असं मी म्हणणार नाही. महिनोन् महिने रिकामा बसलेला माणूस आतून खचतो, हे मी समोर पाहिलं आहे. उशिरा उठणं, लोकांना टाळणं, मग एक दिवस कार्डाचं नूतनीकरण करायलाही न येणं. सकाळी कुठेतरी जायचं असणं हे औषध असू शकतं. पण औषध आणि शिक्षा एकाच बाटलीत भरली, की घेणाऱ्याला फक्त शिक्षाच जाणवते.

गरजूची गरज खरी आहे का, हे कष्ट करवून तपासायचं, ही इंग्रजांची जुनी खोड. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यात ती होती. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात ती आपल्याकडेही आली. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध लेखी आवाज उठवला होता. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी महाराष्ट्रात उभी राहिली. तिथेही खडी फोडायचीच होती, कष्ट कमी नव्हते, भ्रष्टाचारही झाला. पण १९७७ च्या कायद्याने काम मागायचं ते मजुराने आणि ते मुदतीत दिलं नाही तर भत्ता द्यायचा तो सरकारने, असं ठरलं. दंड खिडकीच्या आतल्या माणसाला! त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाई. माझ्याही कापला जायचा आणि आम्ही त्यावर कुरकुरायचो, हेही सांगून टाकतो.

एक मुलगा आठवतो. बी.कॉम. होता. एकदा म्हणाला, "साहेब, पगार नको, मला इथे बसू द्या, काहीही काम करतो." नियमात बसत नव्हतं, मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरच्या बाकावर बसून खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांचे फॉर्म भरून देऊ लागला. मनात असेल तेव्हा यायचा, कंटाळा आला की उठून जायचा. पाच-सहा महिने हे चाललं. पुढे तो एका साखर कारखान्याच्या काट्यावर लागला. सांगायला आला तेव्हा बाकावर दोन फॉर्म अर्धवट पडले होते. ते त्याने आधी पुरे केले, मग पेढे दिले.