थायरॉइडचा आकडा आणि आपण



कामगारांच्या सभेत मी तास-तास बोललो आहे. पण या व्यासपीठावर आजारासंबंधी बोलताना संकोच वाटतो. मी डॉक्टर नाही. शाळा नववीत सुटली. पुढे जे शिकलो ते लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. कंपनीचा ताळेबंद वाचायलाही मी असाच शिकलो आणि त्याचा मला अभिमान होता. तो अभिमान घरातल्याच एका कागदाने उतरवला. त्याची ही हकीकत आहे.

माझ्या पत्नीची थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचे निदान झाले. थकवा, चेहऱ्यावर सूज, थंडी सोसेना, आवाजही घोगरा झालेला. डॉक्टरांनी थायरॉक्सिनची गोळी सुरू केली. काही महिन्यांनी रक्ताचा अहवाल आला. टीएसएच २.८. शेजारी छापलेली मर्यादा ०.४ ते ४. मी चष्मा लावून कागद वाचला आणि निकाल दिला, "नॉर्मल आहे. आता गोळी कशाला?" ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारू या का?" मी म्हणालो, "कागद मला कळतो." गोळी बंद झाली. तीन महिन्यांत तिला जिना चढवेना. नवा आकडा आला ५८.

माझे चुकले कोठे? थायरॉइड हे गळ्यातले एक खाते आहे असे समजा. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती त्या खात्यावरचा मुकादम. माल कमी निघाला की मुकादम ओरडतो. पुरेसा निघाला की त्याचा आवाज खाली येतो. टी-४ हा प्रत्यक्ष माल आणि टीएसएच हा मुकादमाचा आवाज. म्हणून हा आकडा उलटा वाचायचा असतो. तो चढला तर औषध कमी पडते आहे, फार उतरला तर औषध जास्त होते आहे. माझ्या घरी मुकादम शांत झाला होता, तो खाते दुरुस्त झाले म्हणून नव्हे, तर बाहेरून रोज माल येत होता म्हणून. मी ती आवकच तोडली!

दुसरी चूक उतावळेपणाची. गोळी पुन्हा सुरू झाल्यावर पंधराच दिवसांत मी हट्टाने तपासणी करविली. आकडा ३१. मी म्हटले, गोळी दुप्पट करा. डॉक्टरांनी साफ नकार दिला. या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे नव्या मात्रेची पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि मुकादमाचा आवाज त्याच्याही मागून उतरतो. म्हणून मात्रा बदलल्यावर तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची. करारावर सही झाली त्याच दिवशी फरकाची रक्कम हातात पडत नाही, हे मला कोणी शिकवायला हवे होते का? उगाच वाढविलेल्या मात्रेने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हाडे विरळ होतात. वयस्कर माणसाला हा धोका अधिक.

आकडा बिघडला की मात्रेला दोष देण्यापूर्वी गोळी कशी घेतली ते पाहावे. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या ते एका तासाने. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. कित्येक जण महिनाभर गोळ्या चुकवितात आणि तपासणीपूर्वी आठ दिवस इमानाने घेतात. मग टी-४ चांगला दिसतो, पण टीएसएच चढलेलाच! मुकादम जुनी थकबाकी विसरत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. त्याने तपासणीचे आकडे फसवे येऊ शकतात. गरोदरपणात औषधाची गरज बहुधा पहिल्या महिन्यांतच वाढते, तेव्हा दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडे जावे. आणि दोष पिट्युटरीतच असेल, तर मुकादमच आजारी. तेथे टीएसएचवर विसंबता येत नाही, टी-४ पाहावा लागतो.

१८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी या रोगाने खंगलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली. पण औषध तिने अखेरपर्यंत सोडले नाही. बरे वाटणे हे औषधाचे काम आहे. ते औषध सोडण्याचे कारण नव्हे.

आज माझी पत्नी एका वहीत तारीख, मात्रा, आकडा आणि प्रकृती कशी वाटते, हे स्वतः लिहिते. ती वही घेऊन आम्ही दोघे डॉक्टरांकडे जातो. बोलते ती, मी ऐकतो. व्यवस्थापनापुढे मी जन्मभर सांगत आलो, की ज्याच्या अंगावर काम पडते, त्याला विचारल्यावाचून निर्णय घेऊ नका. घरात मात्र ती विचारू या म्हणत असताना तिच्या शरीराचा निर्णय मी एकट्याने घेतला होता. आपल्यापैकी कोणी तसे करू नये, एवढ्यासाठी ही घरातली गोष्ट चारचौघांत सांगितली.