पांच व्हॉल्व्हांची माळ

माळ्यावर पडून राहिलेला नभोवाणीचा जुना संच खालीं उतरविला कीं घरांतील मंडळींस तो आधीं विजेस जोडून पाहण्याची घाई होते. पुष्कळ संचांचा घात त्याच क्षणीं होतो. श्रोत्यांस नवल वाटेल. पण अशा संचांतील काचेचे व्हॉल्व्ह बहुधा शाबूत असतात. नासलेले असतात ते कंडेन्सर.

अमेरिकेंत १९३९ च्या सुमारास बाजारांत आलेल्या पांच व्हॉल्व्हांच्या स्वस्त संचाचें उदाहरण घ्यावें. १२एसए७, १२एसके७, १२एसक्यू७, ५०एल६ आणि ३५झेड५ हीं त्यांतील व्हॉल्व्हांचीं नांवें. नांवांतील पहिला आंकडा म्हणजे आंतील तंतु तापविण्यास लागणारे व्होल्ट. बारा त्रिक छत्तीस, त्यांत पन्नास आणि पस्तीस मिळविले कीं होतात १२१. तेथील घरगुती विजेचा दाबहि जवळजवळ तेवढाच! पांचही तंतु एका माळेंत ओंवले कीं ट्रान्सफॉर्मरचा खर्च वांचला.

या काटकसरीची किंमत मात्र दुरुस्ती करणारास मोजावी लागते. विजेची एक तार कित्येक संचांत थेट धातूच्या सांगाड्यास जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर बटणाचा उघडा स्क्रूहि जिवावर बेततो. म्हणून प्राथमिक व दुय्यम वेटोळीं अगदीं अलग असलेला ट्रान्सफॉर्मर मध्यें घातल्यावांचून काम आरंभूं नये. भारतांतील २३० व्होल्टांवर असा संच थेट लावण्याचें तर नांवच नको. आणि दाब उतरविणारा एकाच वेटोळ्याचा ट्रान्सफॉर्मर संचास वांचवितो, माणसास नव्हे.

खरा चोर मेणकागदी कंडेन्सर. १२एसक्यू७ कडून ५०एल६ च्या जाळीकडे आवाज जाऊं द्यावयाचा आणि उच्च दाब अडवावयाचा, हें त्याचें काम. दमट हवेनें तो पाझरूं लागला कीं जाळीवर धन दाब चढतो, व्हॉल्व्ह बेसुमार प्रवाह ओढतो आणि अखेर कर्ण्याचा ट्रान्सफॉर्मरहि जळतो. संच तोंवर गातच असतो, हीच यांतील फसवणूक.

असे सर्व कंडेन्सर, घरघर दाबणारे ॲल्युमिनियमचे मोठे कंडेन्सरहि धरून, बदलावे. जुन्याचें कांहींच काढूं नये असा कांहीं संग्राहकांचा आग्रह असतो. पण न बोलणारी नभोवाणी म्हणजे नुसतें बेकलाइटचें खोकें! शिवाय मधला मार्ग आहेच: जुनी पुठ्ठ्याची नळी ऊन करून पोकळ करावी, नवा कंडेन्सर आंत सरकवावा आणि तोंडें मेणानें बंद करावीं. हौशी कारागीर हें काम इतकें बेमालूम करतात कीं फरक ओळखूं येत नाहीं.

४५५ किलोसायकल्सवर जुळविलेले स्क्रू मात्र आरंभींच फिरवूं नयेत. कारखान्यानें बसविलेली घडी पुष्कळदां कायम असते. प्रथम ६० वॅटचा बल्ब माळेंत घालून संच जागवावा. बल्ब लखलखीत पेटून राहिला तर वीज तोडून दोष शोधावा. मंदावला तर थोड्याच वेळांत तंतु लाल होतात आणि कर्ण्यांतून बारीक खरखर ऐकूं येऊं लागते.