कारागीर शिक्षक होतो तेव्हां



निष्णात सुताराच्या हाताखालीं राहणारा उमेदवार पुस्तक वाचून शिकत नाहीं. तो उस्तादाच्या हाताकडे पाहून शिकतो. सांधा कोठें घ्यावा, लांकूड किती तासावें, हें उस्तादाला कळतें. पण तें कां, असें विचारलें तर "सवयीनें कळेल" यापलीकडे उत्तर बहुधा मिळत नाहीं. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. दहापंधरा वर्षें काम केल्यावर त्याच्या अंगीं एक जाण येते. ती स्वतःपुरती राहिली तर तो उत्तम कारागीर ठरतो. दुसऱ्यास देतां आली तर तो सल्लागार आणि शिक्षक होतो. ती द्यावयाची कशी, या प्रश्नाचा ज्यांनीं दीर्घकाळ पाठपुरावा केला, अशा एका अमेरिकन प्रोग्रॅमरची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांचें नांव वॉर्ड कनिंगहॅम.

कनिंगहॅम यांचा जन्म १९४९ सालीं इंडियाना संस्थानांत झाला. पर्ड्यू विश्वविद्यालयांतील शिक्षण १९७८ मध्यें पुरें झाल्यावर पुढें ते ऑरेगॉनमधील टेक्ट्रॉनिक्स या विद्युत्-मापनाचीं यंत्रें करणाऱ्या कंपनीच्या संशोधनशाळेंत काम करूं लागले. तेथें केंट बेक हे वयानें लहान असलेले सहकारी त्यांना लाभले. दोघेही स्मॉलटॉक नांवाच्या संगणक-भाषेंत काम करीत. या भाषेंतील प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची लांबलचक यादी नव्हे. आपापलें काम सांभाळून एकमेकांस निरोप धाडणाऱ्या लहान लहान घटकांचें तें एक कुटुंबच असतें. कोणतें काम कोणाकडे सोंपवावें, हें ठरविण्यांतच खरें कौशल्य. आणि नवख्या माणसाला नेमकें तेंच साधत नसे.

या अडचणींत त्यांना वाट दाखविली ती एका वास्तुशास्त्रज्ञानें. क्रिस्टोफर ॲलेक्झांडर यांनीं सहकाऱ्यांसह १९७७ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत शहराच्या मांडणीपासून घरांतील कोनाकोपऱ्यापर्यंत २५३ आकृतिबंध दिलेले आहेत. एक उदाहरण घ्या. खोलींत उजेड एकाच बाजूनें आला तर डोळ्यांवर तिरीप येते, समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाहीं, आणि माणसें तेथें रमत नाहींत. म्हणून उजेड दोन बाजूंनीं घ्यावा. येथें उपाय आहे, पण त्याआधीं अडचण आहे, आणि अडचणीचें कारणही आहे. या तिन्हींना मिळून एक नांव दिलें, म्हणजे आकृतिबंध होतो. घरांत राहणारानें या भाषेच्या आधारें आपलें घर आपणच आंखावें, ही ॲलेक्झांडर यांची मूळ इच्छा.

बेक व कनिंगहॅम यांनीं हाच प्रयोग सॉफ्टवेअरमध्यें केला. त्यांच्याच कंपनींतील दुसऱ्या एका विभागाचें काम अडलें होतें, आणि हे दोघे सल्ला देण्यास गेले होते. पडद्यावरील मांडणी स्वतः करून देण्याऐवजीं त्यांनीं ती वापरणाऱ्यांच्याच प्रतिनिधींना पांच आकृतिबंध शिकविले: प्रत्येक कामाला एक खिडकी, खिडकींत कप्पे थोडे, कप्पे ठराविक धाटणीचे, निवडीच्या याद्या आंखूड, आणि शेवटीं, कोणत्या गोष्टी नामें मानावयाच्या व कोणत्या क्रियापदें, याचा निवाडा. एवढ्या शिदोरीवर त्या मंडळींनीं जी मांडणी केली, ती साधी असूनही इतकी सुबक उतरली कीं सल्लागारच थक्क झाले. १९८७ मध्यें ऑर्लॅंडो येथील परिषदेंत हा अनुभव मांडला गेला, आणि सॉफ्टवेअरच्या जगांत आकृतिबंधांचा विचार तेथून सुरू झाला.

१९८९ मध्यें या दोघांनीं शिकविण्याची आणखी एक युक्ति प्रसिद्ध केली. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर घटकाचें नांव, त्याची जबाबदारी व त्याचे सहकारी लिहावयाचे, आणि कार्डें हातांत घेऊन प्रोग्रॅम जणुं नाटकासारखा वठवून पाहावयाचा. १९९२ मध्यें कनिंगहॅम यांनीं गुंतवणुकीचे हिशेब ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅमचा अनुभव सांगतांना कर्जाचा दाखला दिला. घाईनें केलेलें काम म्हणजे काढलेलें कर्ज. थोडें कर्ज धंद्याला उपयोगीच पडतें, पण वेळेवर फेडलें नाहीं तर व्याज चढत जातें. पैशाचा व्यवहार जाणणाऱ्यास ही भाषा तत्काळ पटते. ज्याला सल्ला द्यावयाचा त्याच्याच व्यवहारांतील शब्द शोधणें, हें सल्लागाराचें अर्धें काम होय.

पुढें कनिंगहॅम यांनीं स्वतःची सल्लागार संस्था चालविली. १९९४ सालीं इलिनॉय संस्थानांतील ॲलर्टन पार्क येथें आकृतिबंध लिहिणाऱ्यांचा पहिला मेळावा भरला. तेथील रिवाज मोठा बोधप्रद आहे. लेखाची चर्चा चालू असतां लेखकानें अवाक्षर न बोलतां ऐकावयाचें. आपण लिहिलेलें दुसऱ्यास काय कळलें, हें अशा मौनावांचून कळत नाहीं. त्याच वर्षीं गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्हिलिसिडीझ या चौघांचा २३ आकृतिबंधांचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. १९९५ च्या मार्चमध्यें कनिंगहॅम यांनीं आकृतिबंधांच्या संग्रहासाठीं, वाचणारानेंच पान दुरुस्त करावें अशी सोय इंटरनेटवर केली आणि तिला हवाई बेटांतील 'विकी', म्हणजे जलद, हा शब्द दिला. २००१ मध्यें सुरू झालेला विकिपीडिया याच कल्पनेवर उभा आहे.

आतां या विद्येंतील धोका पाहूं. त्या २३ पैकीं 'ऑब्झर्व्हर' हा एक आकृतिबंध आहे. एखादा आंकडा बदलला कीं तक्ता, आलेख इत्यादि सर्वांना तो कळावा, पण आंकडा ठेवणारास त्या प्रत्येकाची जातकुळी ठाऊक असण्याचें कारण पडूं नये. मासिकाच्या वर्गणीदारांसारखी नुसती यादी ठेवावी आणि सर्वांना सूचना धाडावी. सोय उत्तम! पण याचीही किंमत आहे. एका सूचनेंतून दुसरी, दुसरींतून तिसरी अशी सांखळी लागली, म्हणजे अमुक बदल कोठून झाला याचा माग काढतां काढतां पुरेवाट होते. चौघांच्या ग्रंथांत उपायाबरोबर असे परिणामही मांडलेले आहेत. शिकणारा मात्र पुष्कळदां चित्र पाठ करतो आणि परिणाम गाळतो. १९९६ मध्यें सॅन होझे येथें ॲलेक्झांडर यांनींच प्रोग्रॅमरांना विचारलें कीं, माणसाचें जीवन अधिक चांगलें करण्याची जी तळमळ आपल्या आकृतिबंधांमागें होती, ती तुमच्या कामांत आहे काय? तो प्रश्न अद्याप जुना झालेला नाहीं.

आज पुण्यामुंबईंतील हजारों तरुण याच व्यवसायांत आहेत, आणि नोकरीच्या मुलाखतींत त्यांना या आकृतिबंधांचीं नांवें विचारलीं जातात. नांवें अवश्य शिकावीं. नांवावांचून अनुभव दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं. परंतु प्रत्येक नांवाबरोबर तीन प्रश्न विचारावे: अडचण कोणती होती, उपाय कां लागू पडला, आणि त्याची किंमत काय पडली? ज्यांस पुढें शिकवावयाचें आहे, त्यांनीं ते पांच आकृतिबंध व ती अडलेली मंडळी आठवावी. सल्लागार निघून गेल्यावरही ज्यांचें काम अडत नाहीं, त्यांनाच खरोखर कांहीं शिकविलें गेलें, असें समजावें.