आपल्या भाजणीचे पान



मंडळाच्या भाजणीसाठी इंटरनेटवर पान काढले, तेव्हा मजकूर लिहून देणाऱ्या गृहस्थांनी ‘उत्तम भाजणी’ हे शब्द वीस वेळा घातले. असे केले की गूगलवर आपण वर येतो, म्हणाले. पैसे गेले, गिऱ्हाईक एकही आले नाही. मुलगी म्हणाली, ‘आई, ही युक्ती जुनी झाली. पोकळ आणि उतरवून काढलेली पाने गूगल २०११ सालापासून खाली ढकलते.’

मग मीच लिहावयास बसले. मी सातवी शिकलेली. परंतु अडलेली बाई काय विचारते, ते मला ठाऊक आहे. ‘थालीपीठ तुटते, काय करावे?’ हाच मथळा दिला. खाली लिहिले, धान्ये वेगवेगळी भाजावी, धने लवकर करपतात, त्यांना जपावे. पीठ कोमट पाण्यात भिजवून थोडे मुरू द्यावे. आपली एक खेप करपली होती, तेही लिहिले. चिटणीसबाईंना ते मुळीच रुचले नाही! पण पाककृतींच्या एका पानाने आपली लिंक दिली, आणि गूगलच्या लेखी ती एका मतासारखी असते.

अजून पहिल्या पानावर आपण नाही. परवा मात्र नागपूरहून एकीने विचारले, उपवासाची भाजणी मिळेल का? ते पान कोणी लिहावयाचे, एवढे आजच ठरवू या.