परिषदेतून शाळेकडे : शिक्षक आणि शैक्षणिक तंत्रज्ञान

(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गातील भाषणाचा मजकूर)



शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिषदा आणि प्रदर्शने आता जिल्ह्याजिल्ह्यांतील शिक्षकांच्या परिचयाची झाली आहेत. महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने भरविलेल्या ‘शिक्षणाची वारी’ या उपक्रमात शिक्षकांनीच शिक्षकांसाठी दालने मांडली आणि खेड्यापाड्यांतील शाळांत सिद्ध झालेले प्रयोग सर्वांपुढे आले. अशा मेळाव्यांना जाणे हा शिक्षकाच्या व्यवसायाचाच एक भाग आहे. तथापि त्याची किंमतही ध्यानी घेतली पाहिजे. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक दोन दिवस परिषदेला गेला, म्हणजे सर्व इयत्तांचा भार दुसऱ्यावर पडतो. त्या दोन दिवसांत मुलांचे जे राहून जाते, त्याची भरपाई शिक्षकाने परतताना काय आणले, यावरच अवलंबून असते.

उपग्रहाचे ते एक वर्ष

या देशात शिक्षक आणि तंत्रज्ञान यांची मोठ्या प्रमाणावर गाठ पडली ती १९७५ साली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साईट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग पार पडला. अमेरिकेचा ‘एटीएस-६’ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर उपलब्ध झाला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले. तारेच्या जाळीची तबकडी उभारून उपग्रहाकडून येणारे संदेश गावातच ग्रहण करण्यात येत. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत.

या प्रयोगाचा एक भाग शिक्षकांसाठी होता, आणि आजच्या परिषदांच्या दृष्टीने तोच सर्वांत बोधप्रद आहे. प्राथमिक शाळांत विज्ञान शिकविणाऱ्या सुमारे ५० हजार शिक्षकांना या माध्यमातून प्रशिक्षण देण्यात आले. ते केवळ पडद्यावर विसंबून नव्हते. दूरचित्रवाणीच्या पाठाला नभोवाणीची आणि छापील साहित्याची जोड होती. शिक्षकांनी स्वतः प्रयोग करून पाहावेत अशी योजना होती आणि त्यांच्या शंकांचे निरसन करण्यास मार्गदर्शक नेमलेले होते. चित्र पाहून कुतूहल जागे होते, परंतु समज येते ती हाताने करून पाहिल्यावर आणि शंका विचारल्यावर, हे या योजनेमागील सूत्र होते. ते आजही जुने झालेले नाही.

यंत्र आणि पाठ

त्यानंतरच्या काळात साधने झपाट्याने बदलली. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली आणि मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. ती संस्था २०१७ साली बंद झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात गेला. त्याचेही कार्य कालांतराने संपले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकावरील संकेतचौकटीवर भ्रमणध्वनी धरला, की त्या धड्याची दृक्‌श्राव्य सामग्री समोर येऊ लागली.

या संकेतचौकटींचे महत्त्व महाराष्ट्राला पटवून देणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव अग्रभागी आहे. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राईज’ हा १० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य ९ शिक्षकांना वाटून दिली. त्यांनी वापरलेले साधन बाजारात कोणालाही उपलब्ध होते. ते कोणत्या मुलांच्या कोणत्या अडचणीवर योजावे, ही दृष्टी मात्र शिक्षकाची होती.

साधने येतात आणि जातात. टिकते ती शिक्षकाच्या हाती आलेली रीत. परिषदेतील दालनांत फिरताना हे भान सुटता कामा नये.

दालनापुढे उभे राहताना

परिषदेला निघण्यापूर्वी शिक्षकाने आपल्या वर्गाची एखादी अडचण वहीत नोंदवून घ्यावी. तिसरीतील मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही, किंवा घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांना धड्यातील भाषा परकी वाटते, अशी ती नेमकी असावी. अडचण हाती असली म्हणजे शंभर दालनांतून आपल्या उपयोगाची चार दालने आपोआप वेगळी निघतात.

मग त्या दालनात काही साधे प्रश्न विचारावेत. वीज गेल्यावर हे चालेल काय? इंटरनेटवाचून किती भाग पाहता येईल? बिघाड झाल्यास दुरुस्ती तालुक्याच्या गावी होईल, की यंत्र शहरात पाठवावे लागेल? पाठांतील मराठी मुलांना समजेल अशी आहे, की इंग्रजीवरून शब्दशः उतरविलेली? पहिल्या वर्षानंतर पैसे कोण भरणार? मुलांची नावे, छायाचित्रे आणि गुण कोठे साठविले जातात, हेही विचारलेच पाहिजे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला असून १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यात आवश्यक मानली आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही हे तंत्रज्ञान नेमके कोणाच्या अटींवर शाळेत येते, असा प्रश्न उपस्थित केला होता. आपल्या शाळेपुरते त्याचे उत्तर शिक्षकानेच शोधावयाचे आहे.

समाधानकारक उत्तर न मिळाल्यास वस्तू कितीही आकर्षक असली तरी पुढे जावे. लोकवर्गणीतून घेतलेला संच वर्षभरात कपाटात गेला, तर पुढच्या वेळी गाव हात आखडता घेते, आणि त्याची झळ पुढच्या मुलांना लागते.

परतल्यावर

परिषदेचे खरे फलित परतल्यानंतरच्या महिन्यात दिसते. आणलेल्या कल्पनांपैकी एकच निवडावी आणि एकाच इयत्तेत वापरून पाहावी. आधी मुलांना काय येत होते आणि तीन आठवड्यांनी काय येऊ लागले, याची साधी नोंद ठेवावी. ती केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत सहकाऱ्यांपुढे मांडावी. प्रयोग फसला असेल तर तेही सांगावे, म्हणजे शेजारच्या शाळेचे श्रम व पैसा वाचतो. दालनात न मिळणारे हे ज्ञान केवळ शिक्षकच शिक्षकाला देऊ शकतो.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा घरी भ्रमणध्वनी नसलेल्या मुलांपर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न कोणत्याही यंत्राने सोडविला नाही. वस्तीवर जाऊन, झाडाखाली चार-पाच मुले जमवून, कोठे ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवून तो सोडविला तो शिक्षकांनी. ज्या मुलाच्या घरात पडदा नाही, त्याच्यापर्यंतही आपला पाठ पोहोचला पाहिजे, हा त्या दिवसांचा धडा आहे. तो ध्यानात ठेवून शिक्षक परिषदेला गेला आणि एका अडचणीचे उत्तर घेऊन परतला, तर सहकाऱ्याने दोन दिवस वाहिलेला सर्व इयत्तांचा भार सार्थकी लागला, असे म्हणता येईल.