मोडलेल्या करारांची किंमत



लोकशाहीत बहुमताला सत्ता मिळते, हे सर्वमान्य आहे. परंतु जो समाज संख्येच्या गणितात कधीच बहुमतात येऊ शकत नाही, त्याने मतपेटीवर विश्वास का ठेवावा? या प्रश्नाचे उत्तर श्रीलंकेतील तमिळांच्या ‘इलंगै तमिळ अरसु कच्ची’ या पक्षाच्या इतिहासात दडलेले आहे.

१९४८ साली स्वतंत्र झालेल्या सिलोनने त्याच वर्षी कायदा करून मळ्यांवर राबणाऱ्या लाखो भारतीय वंशाच्या तमिळांना नागरिकत्वापासून वंचित केले. तमिळ काँग्रेसचे नेतृत्व मात्र सरकारात सामील झाले. ते अमान्य असलेल्या चेल्वनायकम यांनी डिसेंबर १९४९ मध्ये नवा पक्ष स्थापन केला. ते स्वतः ख्रिस्ती. त्यांच्यामागे उभा राहिलेला तमिळ समाज मुख्यतः शैव हिंदू. पक्षाची मागणी संघराज्याची होती. परंतु ‘अरसु’ म्हणजे राज्य, या शब्दामुळे सिंहली राजकारणाने त्यात फुटीरतेचीच चाहूल पाहिली.

१९५६ मध्ये सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली. कायदा संसदेत मांडला जात असताना बाहेर गॉल फेस मैदानावर सत्याग्रहास बसलेल्या तमिळ नेत्यांवर जमावाने हल्ला केला. तरीही पक्षाने संवाद सोडला नाही. जुलै १९५७ मध्ये पंतप्रधान भंडारनायके यांच्याशी करार झाला. त्यात प्रादेशिक परिषदा आणि उत्तर व पूर्व भागांत तमिळमधून प्रशासन मान्य झाले होते. वर्षही उलटले नाही, तोच एप्रिल १९५८ मध्ये भिक्षूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानी ठिय्या मांडला आणि करार रद्द झाला. १९६५ मध्ये डडली सेनानायके यांच्याशी दुसरा करार झाला. पण पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

ज्यांनी शब्दावर विश्वास ठेवला, ते आपल्याच तरुणांच्या नजरेत दुबळे ठरले. बंदुकीची भाषा बोलणाऱ्यांचा वर्ग त्यातून निर्माण झाला. १९७६ च्या वट्टुकोट्टै ठरावात पक्षाचा सहभाग असलेल्या संयुक्त आघाडीने स्वतंत्र राज्याची मागणी केली. १९७७ मध्ये तिला १८ जागा मिळाल्या आणि अमृतलिंगम विरोधी पक्षनेते झाले. परंतु १९८१ च्या जिल्हा परिषदांच्या निवडणुकीच्या तोंडावर जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले. १९८३ च्या जुलैत दंगली उसळल्या आणि त्यानंतर घटनादुरुस्तीने स्वतंत्र राज्याचा त्याग करण्याची शपथ सक्तीची केली. ती न घेतल्याने आघाडीच्या खासदारांनी जागा गमावल्या. संसदेतील आवाज संपला, उरली बंदूक. त्याच बंदुकीने जुलै १९८९ मध्ये अमृतलिंगम यांचा बळी घेतला. मारेकरी सिंहली नव्हते, लिट्टेचे होते.

येथे या राजकारणाचा दोषही स्पष्ट सांगितला पाहिजे. २००४ मध्ये पक्षाच्या ‘घर’ या चिन्हावर लढलेल्या तमिळ राष्ट्रीय आघाडीने २२ जागा जिंकल्या. पण तमिळांचे एकमेव प्रतिनिधी म्हणून लिट्टेलाच मान्यता देऊन. ज्याने सहकाऱ्यांना संपवले, त्याच्याच छायेत मते मागावी लागली!

मे २००९ मध्ये युद्ध संपले आणि पक्ष मतपेटीकडे परतला. १९८७ च्या भारत-श्रीलंका करारातून आलेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक परिषदा निर्माण झाल्या होत्या. २०१३ मध्ये उत्तर प्रांताच्या परिषदेत आघाडीने ३८ पैकी ३० जागा मिळवल्या. पण जमीन आणि पोलीस हे अधिकार कागदावरच राहिले. २०१८ मध्ये परिषदेची मुदत संपली. नव्या निवडणुकीविना वर्षे उलटली. २०१५ मध्ये संपंथन विरोधी पक्षनेते झाले, तरी नवे संविधान आले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पक्षाला आठ जागा मिळाल्या. जाफना जिल्ह्यात मात्र सहापैकी तीन जागा राष्ट्रीय पातळीवरील सत्ताधारी आघाडीने जिंकल्या. मतदार कायमचा कोणाच्याही खिशात नसतो, हा त्याचा अर्थ.

या पाऊण शतकाचा बोध कोणता? अल्पसंख्य समाजाचा पक्ष बहुमत मिळवू शकत नाही. तो केवळ करार करू शकतो. म्हणून तो करार पाळणे हा बहुसंख्याकांचा उपकार नसून त्यांच्याच राष्ट्राच्या अखंडतेचा विमा असतो. कोलंबोने १९५८ मध्ये एक कागद रद्द केला. त्याचे मोल पुढे सिंहली आणि तमिळ, दोन्ही घरांतील मातांनी चुकवले.