मधल्या थरातले शब्द

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



दहावीची परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. या मधल्या दिवसांत आम्हा इंग्रजीच्या शिक्षकांना रस्त्यात, लग्नात, बँकेच्या रांगेत एकच प्रश्न विचारला जातो: मुलाचे इंग्रजी शब्द वाढवायला कोणतं पुस्तक घेऊ? पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात तर अशी पुस्तकं थप्प्यांनी मिळतील. नॉर्मन लुईस यांचं 'वर्ड पॉवर मेड इझी' १९४९ साली निघालं, ते आजही विकलं जातं. पुस्तक मेहनतीनं लिहिलेलं आहे. पण ते ज्याच्यासाठी लिहिलं, तो वाचक घरीदारी इंग्रजीच बोलणारा होता. त्याच्याजवळ पायाचे शब्द होते, त्याला वरचे मजले बांधायचे होते. आपला मुलगा तिथे उभा नाही, आणि म्हणून त्याला निराळं काहीतरी सांगावं लागतं. तेच सांगायला मी आलो आहे.

मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेतून अकरावी शास्त्राला आलेली मुलगी 'फोटोसिंथेसिस'ला अडत नाही. तो शब्द फळ्यावर लिहिला जातो, त्याची व्याख्या होते, आकृती काढली जाते, परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. ती अडते ते त्याच परिच्छेदातल्या 'व्हेअरअ‍ॅज'ला, 'सब्सिक्वेंट'ला, 'कन्स्टिट्यूट'ला, 'डिराइव्ह'ला. हे शब्द जीवशास्त्राचे सर समजावत नाहीत, कारण ते जीवशास्त्राचे नाहीत. इंग्रजीच्या मॅडम समजावत नाहीत, कारण ते त्यांच्या धड्यात आलेले नाहीत. भौतिकशास्त्राच्या गणितात तीन तारांचे रोध दिलेले असतात आणि वाक्याच्या शेवटी 'रिस्पेक्टिव्हली' असतं. आता 'अनुक्रमे' हा शब्द या मुलीला सहावी-सातवीपासून पाठ आहे. हे दोन्ही एकच, एवढं अर्धं वाक्य तिला कोणी सांगितलेलं नसतं. ती गणित चुकते आणि घरी सांगते, मला फिजिक्स जमत नाही.

वर्षानुवर्षं हे पाहिलं आहे, म्हणून ठामपणे म्हणतो. प्रगत शब्दसंपदा म्हणजे दुर्मीळ शब्दांचा साठा नव्हे. रोजच्या बोलण्याचे शब्द एका बाजूला, एकेका शास्त्राच्या संज्ञा दुसऱ्या बाजूला, आणि या दोहोंच्या मध्ये शब्दांचा एक थर आहे. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, रसायन, कुठेही जा, विचाराचे सांधे जुळवायला तेच शब्द येतात. आपल्या मुलांचं शिक्षण अडतं ते तिथे.

या थराचा शोध कसा लागला, तो इतिहास आपल्या फार जवळचा आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलं वर्षं घालवूनही इंग्रजी पुस्तक का वाचू शकत नाहीत, हा प्रश्न त्यांनी धरला. त्यांना दिसलं की वाचनमालांमध्ये नवे शब्द फार दाटीनं येतात आणि त्यातले कितीतरी जुनाट, पुन्हा कधी न भेटणारे असतात. १९२६ मध्ये त्यांनी बंगालमधल्या द्वैभाषिकतेवर ग्रंथ लिहिला, आणि मग स्वतः गोष्टी नव्यानं लिहायला घेतल्या: अवघड दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घालायचे, आणि नवा शब्द आला की तो पुढे पुन्हा पुन्हा येईल अशी व्यवस्था करायची. १९३५ मध्ये त्यांनी एक कोश केला. त्यात सुमारे २४,००० नोंदी आहेत आणि त्या सगळ्यांचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले आहेत. कोश उघडावा आणि दिलेल्या अर्थामध्येच आणखी तीन अडचणी निघाव्यात, हा विद्यार्थ्याचा छळ त्यांनी थांबवला. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० पायाभूत शब्दांची यादी आली.

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन येथील व्हिक्टोरिया विद्यापीठात अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी पुढचं काम केलं. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या शाखांमधल्या २८ विषयांचा सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर त्यांनी गोळा केला. त्यात वेस्ट यांचे २,००० शब्द वगळून, सर्व शाखांत वारंवार येणारे शब्द कोणते ते शोधलं. २००० साली त्यांची यादी प्रसिद्ध झाली, ५७० शब्दकुटुंबांची. कुटुंब म्हणजे 'अज्यूम', 'अज्यूम्ड', 'अझम्पशन' हे सगळे मिळून एक. आता आकडे पाहा. वेस्ट यांचे २,००० शब्द त्या अभ्यासग्रंथांचा सुमारे तीन चतुर्थांश मजकूर व्यापतात. हे ५७० त्यात आणखी दहा टक्के भर घालतात. अभ्यासाच्या पुस्तकातला दर दहावा शब्द या एवढ्याशा गोतावळ्यातला असतो! आणि कथा-कादंबऱ्यांत? तिथे हेच शब्द दीड टक्काही भरत नाहीत.

हा शेवटचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण मुलांना सांगतो, गोष्टी वाचा, इंग्रजी आपोआप येईल. गोष्टी वाचाव्यातच. आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' दहावीच्या सुट्टीत प्रत्येकानं वाचावं, त्यानं इंग्रजीची भीती जाते आणि पायाचे शब्द पक्के होतात. पण मधला थर गोष्टींत फारसा भेटत नाही. तो भेटतो विवेचनात: लेख, चरित्र, शास्त्राची ओळख करून देणारी पुस्तकं, अग्रलेख, भाषणं. सलीम अलींचं आत्मचरित्र आहे, जिम कॉर्बेट यांची जंगलाची वर्णनं आहेत. ज्याला पक्ष्यांचा नाद आहे त्यानं पक्ष्यांवर वाचावं, ज्याला क्रिकेटचा आहे त्यानं क्रिकेटवर. एकाच विषयावर सलग वाचलं की तेच शब्द फिरून फिरून येतात. आज क्रिकेट, उद्या ज्वालामुखी, परवा शेअर बाजार, असे एकेका पानाचे उतारे वाचून ते होत नाही. आपली उताऱ्यांची पुस्तकं नेमकं हेच करतात.

आणि एक नाव आज मला आवर्जून घ्यायचं आहे. १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. तो निबंध विद्यार्थ्यांनी शब्दांसाठी वाचावा असं मी म्हणतो. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, या चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या बाबासाहेब एकेक करून तपासतात. शास्त्रीय संज्ञा त्यात मोजक्याच आहेत, 'एंडोगमी'सारख्या, आणि त्यांचा अर्थ ते स्वतः उलगडून सांगतात. बाकी सारं काम चालतं ते मधल्या थरातल्या शब्दांवर: व्याख्या करणं, भेद दाखवणं, गृहीत तपासणं, निष्कर्ष काढणं. वाचकाला दिपवण्यासाठी घातलेला शब्द तिथे शोधून सापडणार नाही. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून त्यांच्या इंग्रजी लेखनाचे खंड काढले. पहिल्याच खंडात हा निबंध आहे. मराठी घरात वाढलेल्या माणसानं इंग्रजी विचाराची भाषा किती पूर्णपणे आपली केली, हे ज्याला पाहायचं आहे त्यानं तिथून सुरुवात करावी.

आता शब्द भेटला, पुढे काय? आमच्या मुलांच्या वह्यांत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ, अशी शंभर शंभर पानं असतात. एवढ्यानं शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. याचं कारण जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञानं सांगितलं. शब्द कोणाच्या सोबतीनं वावरतो ते पाहिल्यावाचून तो कळत नाही, असं त्यांचं प्रतिपादन होतं. हे फर्थही १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. लाल असतं ते भडक, पिवळं धमक, काळं कुट्ट, हिरवं गार, पांढरं शुभ्र. 'पिवळंकुट्ट' म्हणणारं मराठी पोर मला दाखवा! इंग्रजीतही अशाच जोड्या ठरलेल्या आहेत. पाऊस 'हेवी' असतो, चहा 'स्ट्राँग' असतो. निष्कर्ष आपण काढतो आणि इंग्रजीतही तो 'ड्रॉ'च करतात, तिथे मराठी मदतीला येते. पण परीक्षा आपण देतो आणि इंग्रज ती 'टेक' करतो, तिथे मराठीवर विसंबून चालत नाही. म्हणून वहीत सुटा शब्द लिहू नका. ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य लिहा, त्याच्या सोबतच्या शब्दाखाली रेघ मारा, आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या एका वाक्यात तो वापरा.

यासाठी कोश मात्र योग्य हवा. इंग्रजी-मराठी कोश जवळ ठेवाच, पण अकरावीपासून विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापरायला लागा. ए. एस. हॉर्नबी यांनी असा कोश जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता रचला. १९४२ मध्ये तो जपानात छापला गेला, १९४८ पासून ऑक्सफर्डनं काढला, आणि आज आपण 'अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणतो तो हाच. ढाका, लाहोर, जपान, तीन ठिकाणं झाली. इंग्रजी शिकवण्याचं हे शास्त्र आपल्यासारख्यांच्या वर्गांत, आपल्यासारख्यांच्या अडचणींतून घडलं आहे. ते आपल्याला परकं वाटण्याचं कारण नाही.

मुळांवरून शब्द ओळखायची युक्ती आपल्याकडे संस्कृतामुळे रुजलेली आहे. 'हृ' या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, हे शाळेत ऐकलेलं असतं. तसंच लॅटिनमध्ये नेणे या अर्थाच्या एका क्रियापदातून 'रिड्यूस', 'प्रोड्यूस', 'इंट्रोड्यूस', 'डिड्यूस' आले. लक्षात ठेवायला याचा फार उपयोग होतो. अंदाज बांधायला मात्र जपून वापरा. महामार्गावरच्या टँकरवर 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं. तिथल्या 'इन'चा अर्थ 'नाही' असा घेतलात तर जिवावर बेतेल.

विसरण्याबद्दल थोडक्यात. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं आणि नंतर सावकाश विसरतं. म्हणून रविवारी एकदम पन्नास शब्द घोकण्यापेक्षा आज आठ पाहा, तेच उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं पाहा. अर्थ झाकून आधी आठवायचा प्रयत्न करा, मग उघडा.

पालकांना एक कळकळीची विनंती आहे. इंग्रजीसाठी मुलांची मराठी सोडवू नका. मराठी भूमितीच्या पुस्तकात पक्ष, साध्य, सिद्धता, व्यत्यास हे शब्द आहेत. ज्या मुलाला ते नीट कळले, त्याच्याजवळ विचाराचे सांधे तयार आहेत, फक्त इंग्रजी नावं बसवायची आहेत. ज्याला कोणत्याच भाषेत 'गृहीत' आणि 'निष्कर्ष' यांतला फरक कळलेला नाही, त्याला 'अझम्पशन' आणि 'कन्क्लूजन' पाठ करून काय मिळणार? जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी मराठीत आहे, 'द रिटर्न ऑफ वामन' म्हणून इंग्रजीतही आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर मुलाला कळेल की त्याची मराठी हे त्याचं भांडवल आहे.

शेवटचं बोलणं माझ्या सहकाऱ्यांशी, आणि इंग्रजीखेरीज इतर विषय शिकवणाऱ्यांशी. हे काम एकट्या इंग्रजीच्या तासाचं नाही. धडा सुरू करण्यापूर्वी त्यातले पाच-सहा मधले शब्द निवडा, फळ्याच्या कोपऱ्यात मराठी प्रतिशब्दासह लिहा, आणि तास संपेपर्यंत पुसू नका. प्रयोगवहीत 'ऑब्झर्व्हेशन' आणि 'इन्फरन्स' हे दोन रकाने असतात. त्यांतला फरक मुलांकडूनच वदवून घ्या, कारण तिथे अनेकजण दोन्हीकडे एकच वाक्य लिहितात. ग्रंथपालांनी एक मोठा कोश कुलपात न ठेवता टेबलावर ठेवावा, आणि आंबेडकरांचा पहिला खंड त्याच्या शेजारी. अकरावीचे वर्ग सुरू होतील तेव्हा पहिल्या आठवड्यातच हे करता येईल, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

आता तुमचे प्रश्न घेतो. मुलांनी आधी विचारावं.